‘बटणं दाबणारे’ म्हणणाऱ्या वाचकास

विज्ञान विद्यापीठांतल्या संशोधन-तंत्रज्ञांच्या, म्हणजे प्रयोगशाळेतली उपकरणं आणि प्रयोग सांभाळणाऱ्यांच्या, नोकऱ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की पगार कंपन्यांपेक्षा कमी, पदं ग्रँट (प्रकल्पाला ठरावीक मुदतीसाठी मिळणारा पैसा) असेपर्यंतची, जाहिराती आधीच ठरलेल्या माणसासाठी. वर ‘लॅब आतून पाहिलीये का’ असंही विचारलंत. आणि शेवटी हे वाक्य: ‘पीएचडी नसलेला माणूस तिथे बटणं दाबायलाच असतो, पोरांना कशाला हरभऱ्याच्या झाडावर चढवता?’

मतभेदाला माझी ना नाही. पण हा सूर कशासाठी? तुमचं वाक्य वाचणारी एखादी बीएस्सीची मुलगी याच नोकरीचा अर्ज भरत बसलेली असेल, एवढा तरी विचार करायचा होतात.

मी स्वतः पीएचडी केलेली नाही. एमएस्सीनंतर क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्रं घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या, विभागात लागले आणि तिथेच रमले. काम काय असतं ते ऐका. नमुना ठेवायची जाळी जेमतेम ३ मिलिमीटरची. तिच्यावर प्रथिनाच्या द्रावणाचा थेंब सोडायचा, जास्तीचं द्रावण टिपकागदाने शोषून घ्यायचं आणि लगेच जाळी द्रवरूप ईथेनमध्ये बुडवायची. पाण्याचे स्फटिक व्हायच्या आत ते काचेसारखं गोठलं पाहिजे. टिपकागद जरा जास्त वेळ टेकला की थर इतका पातळ होतो की प्रथिनाचे कण टिकत नाहीत. कमी टेकला की थर जाड, मग चित्रात काही धड दिसत नाही. बुडवण्याचं काम आता यंत्र करतं, हो. पण आर्द्रता किती, टिपायचं किती सेकंद, हे दर नव्या प्रथिनाला माणूसच ठरवतो. कुणीतरी महिनोन्महिने खपून शुद्ध केलेला नमुना माझ्या हातात असतो, आणि त्या वेळी प्राध्यापक मला सूचना देत नाहीत, मला विचारतात. पाणी असं गोठवण्याच्या कामासाठी जाक द्युबोशे २०१७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. ते तंत्र रोज चालवणाऱ्याला तुम्ही बटण दाबणारा म्हणता?

माझं राहू द्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले प्रयोगशाळा-तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस यांच्याकडे कॉलेजची पदवीही नव्हती. जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांची शस्त्रक्रिया त्यांनी प्रयोगशाळेत आधी कुत्र्यांवर बसवली. १९४४ मध्ये ती पहिल्यांदा एका बाळावर झाली तेव्हा सर्जन ब्लॅलॉक यांच्या मागे उभं राहून थॉमस टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. त्याच विद्यापीठाने १९७६ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. कॅल्टेक आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठांच्या लायगोचंही, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचंही, तेच. ४ किलोमीटरच्या नळ्यांमधली हवा काढून ती निर्वात राखणारे, आरसे टांगणारे अभियंते आणि तंत्रज्ञ नसते तर २०१५ची गुरुत्वीय लहर कुणाला दिसली असती?

बाकीचं थोडक्यात. कंपनीत पगार जास्त असतो हे कुणाला माहीत नाही? ग्रँटच्या मुदतीचा मुद्दा लेखात तळाशी होता, तो वर हवा होता, हे मान्य. आजच वर घेते. जाहिराती ‘ठरलेल्या’ असतात म्हणता, तर उदाहरण द्या. मोघम आरोपांना मी उत्तर देत बसणार नाही. आणि ‘लॅब आतून पाहिलीये का’ हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारा.

अर्ज भरणाऱ्यांना मात्र एक सांगते. मुलाखतीत पगार कुठल्या पैशातून निघतो ते सरळ विचारा. एका प्राध्यापकाच्या प्रकल्पातून निघत असेल तर प्रकल्पाची किती वर्षं उरलीत तेही विचारा. सामायिक उपकरण केंद्रात, म्हणजे अनेक प्रयोगशाळा मिळून वापरतात अशा उपकरणांच्या ठिकाणी, जागा असेल तर आधी तिथे अर्ज करा, कारण तिथलं काम एकाच प्रकल्पावर अवलंबून नसतं.