स्मॉलमाउथ बास म्हणजे जिताडा नव्हे
अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत सध्या फिरतंय: ‘विस्कॉन्सिन, आयोवाच्या नद्यांतला स्मॉलमाउथ बास म्हणजे आपला जिताडाच.’ नाही हो! जिताड्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, घोळ तिथेच झालाय (मासा नव्हे, गोंधळ). जिताडा खाडीतला, अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो. स्मॉलमाउथ सनफिशच्या कुळातला, गोड्या पाण्यातला. वसंतात नर शेपटीने गोट्या-वाळूत खळगा करतो आणि अंडी-पिल्लं राखत बसतो. ओळखायचा तर तोंड मिटलेलं असताना बघा: वरचा जबडा डोळ्याच्या मागे जात नाही. गेला, तर तो लार्जमाउथ बास, याच कुळातला दुसरा मासा. छोट्या नदीत क्रेफिशसारखं (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) तपकिरी आमिष खडकाआडच्या संथ पाण्यात सोडा. फूटभराचा लागला तरी मजा येते.