स्थिर आयपीने प्रश्न सुटला का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उबंटू सर्व्हर या लिनक्स प्रणालीची दोन व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) एकाच तयार इमेजवरून क्लोन केली, म्हणजे त्यांच्या हुबेहूब नकला काढल्या, डीएचसीपीने (नेटवर्कवर आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या पद्धतीने) दोघांना एकच पत्ता दिला, फायरवॉल बंद करूनही फरक पडला नाही, स्थिर आयपी (हाताने नेमून दिलेला पत्ता) टाकल्यावर दोन्ही चालू झाली. म्हणून लिनक्सचं डीएचसीपी बेभरवशाचं आणि नेटवर्कवरून जाणारी पॅकेट (माहितीचे तुकडे) तपासत बसण्याचा माझा सल्ला म्हणजे वेळ घालवणं.

माझं मत वेगळं आहे, आणि तुमचंच उदाहरण घेऊन ते सांगतो. तुमच्याकडे डीएचसीपीने आपलं काम चोख केलं. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक (शोध, देऊ केलेला पत्ता, मागणी, मंजुरी) हे चारही निरोप पार पडले, म्हणून तर पत्ता मिळाला. घोळ झाला तो ओळखीचा. सिस्टमडी-नेटवर्कडी हा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम डीएचसीपी सर्व्हरला मॅक पत्त्याबरोबर (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याबरोबर) डीयूआयडी नावाची स्वतंत्र ओळख पाठवतो आणि ती मशीन-आयडीवरून (प्रत्येक यंत्राच्या खास ओळखक्रमांकावरून) तयार होते. क्लोनमध्ये मशीन-आयडी जशाच्या तशी उतरली. सर्व्हरला दोन्हीकडून एकच ओळख दिसली, त्याने एकच पत्ता दिला. मॅक वेगवेगळे होते हे खरं, पण ओळख पाठवलेली असली की सर्व्हर सहसा तीच धरतो.

‘जुन्या आवृत्तीत असं कधी झालं नाही’ हे तुमचं वाक्यही यात बसतं. उबंटू सर्व्हरवर १७.१० पासून (दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांत १८.०४ पासून) नेटप्लॅन (नेटवर्कच्या सेटिंग लिहिण्याचं साधन) आणि नेटवर्कडी आलं. त्याआधीच्या डीएचक्लायंट या जुन्या प्रोग्रामच्या काळात ओळख मॅकवरूनच ठरायची.

फायरवॉलचं म्हणाल, तर पहिला पत्ता मागताना क्लायंट (पत्ता मागणारे प्रोग्राम) सहसा रॉ सॉकेट, म्हणजे नेटवर्क कार्डाशी थेट बोलण्याची वाट, वापरतात. आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम त्या वाटेत येतच नाहीत. पत्ता मिळत नाही म्हणून फायरवॉल उघडी टाकायची सवय मला खरोखर काळजीची वाटते.

स्थिर आयपीने पत्त्यांची टक्कर थांबली, पण मशीन-आयडी अजून एकच आहे. दोन्हींचे जर्नल लॉग (प्रणालीच्या नोंदी) एकत्र गोळा केलेत तर ते एकाच यंत्राचे भासतील. तिसरा क्लोन काढलात की पुन्हा हेच. शिवाय तुम्ही टाकलेले पत्ते राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातले असतील, तर उद्या तो ते दुसऱ्या कुणाला देऊ शकतो.

उपाय लहान आहे. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा (काढू नका), डीबसची (प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणाऱ्या सेवेची) वेगळी प्रत असेल तर ती मात्र काढा, नाहीतर जुनीच ओळख तिथून परत येते. मग रीबूट करा. मूळ इमेजमध्येही हे करून ठेवा. तेवढं जमत नसेल तर नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर ‘मॅक’ असा ठेवा.

एवढं करूनही पत्ता एकच आला, तर दोन्ही मशीनचे मॅक ताडून बघा. क्लोन करताना तेही तसेच उतरलेले असू शकतात.