दादा, तू का थांबलास?

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच. कुणीतरी 'अशी ही बनवाबनवी'ची क्लिप टाकली आणि कोथरूडच्या मावसभावानं खाली लिहिलं, 'असं काही आता मराठीत होतच नाही.' त्याखाली अंगठ्यांची रांग. मी विचारलं, 'दादा, 'कोर्ट' बघितलास का?' तर म्हणे, 'तुला तिकडे बसून इथलं काय कळणार!'

दादाच्या घरापासून मल्टिप्लेक्स चालत दहा मिनिटांवर आहे. मी जर्मनीत, श्टुटगार्टात. आमच्या मंडळाला रविवारी सकाळचा हॉल मिळाला तर मोठ्या पडद्यावर मराठी सिनेमा, तोही एस-बान, म्हणजे इथली लोकल, धड चालू असेल तर. तरी नवे मराठी सिनेमे त्याच्यापेक्षा मीच जास्त बघितलेत. बोलायचं मात्र त्यानं.

इथे दर ३१ डिसेंबरला अख्खा देश टीव्हीवर 'डिनर फॉर वन' नावाचं छोटं विनोदी नाटुकलं बघतो. १९६३ सालचं चित्रण, तेही इंग्रजीत. बटलर वाघाच्या कातड्याला कधी अडखळणार, हे नातवंडांनाही पाठ. आमच्या शेजारीणबाई दरवर्षी त्याच जागी हसतात. पण १ जानेवारीला त्या 'यानंतर काही चांगलं झालंच नाही' म्हणून उसासे टाकत नाहीत. (हीच मंडळी हॉलिवूडचा प्रत्येक सिनेमा डब करून बघतात, हे मी दादाला सांगितलेलं नाही.)

आणि सुवर्णकाळ म्हणजे नक्की कुठला? १९८८चा 'बनवाबनवी' हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून बेतलेला. शांतारामबापूंचा 'पिंजरा' ज्याच्यावरून आला, तो १९३०चा 'ब्लू एंजल' तर इथलाच. तेव्हा उसनं घेतलेलं चालायचं. आता कुणी दक्षिणेकडच्या सिनेमाकडे नुसतं बघितलं तरी मराठीपण बुडतं. १९९१ची 'माहेरची साडी'ही त्याच काळातली. तिला लोटलेली गर्दी विसरलात का? तिची क्लिप ग्रुपवर कुणी टाकत नाही ती! उलट २००४च्या 'श्वास'नंतर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला, 'फँड्री' आला, 'सैराट' आला. २०२५मध्ये 'साबर बोंडं'नं अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलं. दादानं यातला फक्त 'सैराट' बघितलाय, तोही गाण्यांपुरता.

'बनवाबनवी'शी माझं भांडण नाही. मलाही तो तोंडपाठ आहे. पण तो मला खरा भिडला तो इथे घर शोधताना. शूफाचा, म्हणजे कर्ज-बिलं वेळेवर फेडल्याचा कागद, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, भाडं थकवलेलं नाही असं आधीच्या मालकाचं पत्र, सगळं जोडून अर्ज करायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचं. एका घरासाठी माझ्या अर्जाला कुणी विचारलं नाही. त्याच घरासाठी ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणीनं स्वतःच्या नावानं मेल केली, तर दुपारी तिला बोलावणं. त्या रात्री मी 'बनवाबनवी' लावला. चार पोरं, पुण्यात डोक्यावर छप्पर नाही, आणि ते मिळावं म्हणून दोघं साड्या नेसून उभे. मी हसले, पण नेहमीच्या जागी नाही.

'कोर्ट'मधलं एक दृश्य दादानं बघावं अशी माझी फार इच्छा आहे. सरकारी वकीलबाई, कोर्टात म्हाताऱ्या शाहिराविरुद्ध कलमं वाचून दाखवणाऱ्या. घरी येऊन त्या चारचौघींसारखा स्वयंपाक करतात, आणि सुट्टीच्या दिवशी नवरा-मुलांसह नाटकाला जातात. रंगमंचावर मराठी बाप मुलीला मागायला आलेल्या परप्रांतीय पोराला घराबाहेर हाकलतो. प्रेक्षागृह खूश. वकीलबाईही.

पुण्यातच राहिले असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या, नक्की. इथे ते पोर म्हणजे मी. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत एएफडी हा स्थलांतरितांविरोधी पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला, तेव्हा सोमवारी कॅन्टीनमध्ये सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. त्या गोडीपेक्षा कुणी खेकसलं असतं तर बरं वाटलं असतं. हे घरच्या ग्रुपवर लिहिता येत नाही. लिहिलं तर 'मग ये की परत' एवढंच उत्तर येतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसतं.

मी जुन्यात अडकले तर कुणी नवल करू नये. माझं पुणं मी निघाले त्या सालात थांबलंय. दादा, तू तिथे रोज जगतोस, तू का थांबलास? तू नवं काही बघितलंस तर मला सांगशील ना! ते होत नाही म्हणून मी आपली नव्या सिनेमांत गोष्टीपेक्षा मागचंच बघत बसते. दुकानांच्या पाट्या कशा झाल्यात, ओट्यावर कुठला मिक्सर आहे, पोरं एकमेकांना कशी हाक मारतात. सिनेमा असा बघायचा नसतो, मला कळतं. दिग्दर्शकानं जीव ओतावा आणि बाईनं मिक्सर बघावा!

जूनमध्ये येतेय. जो मराठी सिनेमा लागलेला असेल त्याची दोन तिकिटं मी काढणार आणि दादाला घेऊन जाणार. सिनेमा रद्दी निघण्याची शक्यता भरपूर आहे, चार चांगल्यांमागे चाळीस रद्दी हे तेव्हाही होतं. निघू दे. मध्यंतरात वडे तो घेईल.