जीजेची गाडी, खान्देशी धनी

उधन्याच्या माझ्या मावसभावाने, नानाने, नवी गाडी घेतली आणि जुनी मला विकली. आमच्या शिरपूरकडचं निम्मं गोत सुरतेत पोटापाण्याला असल्यामुळे असे व्यवहार चहावरच होतात. पाटी सुरतेची, जीजे ०५. गाडी दारात लागली तशी गल्लीतल्या जाणकारांनी टायरला लाथा मारून पाहिल्या आणि निदान केलं, "बाहेरनी शे भो हाई!"

बाहेरची! पुणं आम्हाला सुरतेहून कितीतरी लांब. पण पुण्याची गाडी घरची, आणि मावशीच्या अंगणातून आलेली परकी.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, अख्ख्या देशाला एकच. लायसन्सही देशभर चालतं. पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. यावर टपरीवर तोडगा तयार होता : "अकराव्या महिन्यात सीमेपलीकडे उच्छलला जायचं, फाफडा खायचा, परत यायचं. बारा महिने पुन्हा सुरू!" तोडगा सांगणाऱ्याकडे सायकल आहे.

खरी मेख कराची : इथला नंबर घ्यायचा तर करही इथला भरायचा. गाडीवरचा कर घटनेनेच राज्यांच्या पदरात टाकलाय. गुजरात मोटारीला सहा टक्के घेतो. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीलाही अकरा. गाडीचं वय बघून सूट मिळते म्हणा. नानाने तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागायचा तर अर्ज तिकडेच. त्याआधी तिकडची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. ती आणायला रेल्वेने गेलो, कारण गाडीने गेलो असतो तर डिझेल-पेट्रोलच्या भावावर नानाचं भाषण ऐकावं लागलं असतं. वाटेत नवापूर स्टेशन लागतं. तिथला एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. त्या बाकाला कोणी एनओसी मागत नाही, हे मी खिडकीतून नीट बघून घेतलं.

विमा मात्र भला निघाला. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, दर केंद्र ठरवतं; इंजिन बघतं, गाव बघत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी विम्याच्या जुन्या दरपत्रकाने देशाचे दोन झोन पाडले : 'ए'मध्ये मुंबई, पुणे, अहमदाबाद, दिल्ली अशी आठ शहरं, कारण तिथे गर्दी, चोऱ्या आणि गॅरेजचं बिल तिन्ही दांडगे. बाकी सगळा देश 'बी'. म्हणजे हिऱ्यांची सुरत आणि आमचं शिरपूर एकाच पंगतीत! नानाला हे फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ बोललाच नाही.

पण नाना शेवटी नानाच. इतकी वर्षं क्लेम न केल्याने त्याला पन्नास टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, होता. तो गाडीबरोबर येईल अशी माझी भाबडी समजूत. एजंट म्हणाला, "बोनस माणसाचा असतो भाऊ, गाडीचा नाही." नानाने तो नव्या गाडीला लावलासुद्धा. गाडी विकली, पुण्य ठेवून घेतलं!

दंडाची तऱ्हा आणखी निराळी. २०१९ ला केंद्राने दंड वाढवले. गुजरातने लगेच हेल्मेट नसल्याचा हजाराचा दंड पाचशेवर आणला आणि आपल्याकडे नवे दर लागायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात सीमेवरच्या माणसाने कुठे पकडलं जायचं हे आधी ठरवूनच घर सोडावं, अशी सोय होती.

अखेर एमएच पाटी लागली. बायकोने नारळ फोडला. लगेच उधन्याचं लग्न आलं, आम्ही ऐटीत निघालो. सीमेपलीकडे हात आडवा झाला. गुजरातेत दारूबंदी, आणि पाटी महाराष्ट्राची.

"डिकी खोलो."

डिकीत मावशीसाठी कळण्याचं पीठ, बिबड्या आणि फडक्याने तोंड बांधलेली लोणच्याची बरणी. साहेबांनी फडकं सोडलं, वास घेतला, ठसका लागला. मागच्या सीटवरून आईने विचारलं, "काय रे, जीजे होती तेव्हा एवढी चौकशी व्हायची का?"