अण्णा हयात आहेत, निबंधात मारू नका

गेल्या रविवारी माझ्या भाचीने माझ्या वडिलांना मारलं. इंग्रजीत, ६१२ शब्दांत. दुसऱ्या परिच्छेदात ते अंथरुणाला खिळले, तिसऱ्यात गेले आणि चौथ्यात त्यांच्या आठवणीने ती कॉम्प्युटर सायन्सकडे वळली. मी हे वाचत होते तेव्हा अण्णा समोर बसून शेंगा सोलत होते.

भाची बारावीला आहे, अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून "मावशी, एकदा नजर टाक" असं म्हणत तिने लॅपटॉप पुढे सरकवला होता. मी म्हटलं, "अगं, हे काय लिहिलंयस?" तर तिने उत्तर न देता मोबाईल दाखवला. 'परदेशी विद्यापीठात हमखास प्रवेश देणारा निबंध : सात गुपितं'. खाली 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा' आणि जोडलेले हात. बहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. नंतर तोच मला आमच्या शाळेच्या ग्रुपवरही आला, आणि काल स्टाफरूममध्ये एका सरांनी मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हा आता लिहितेच.

आधी ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेतली हजाराहून जास्त कॉलेजं 'कॉमन अ‍ॅप' नावाचा एकच ऑनलाईन अर्ज घेतात. त्यात एक वैयक्तिक निबंध असतो, कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. विषय सात दिलेले असतात आणि सातवा चक्क 'तुम्हाला हवा तो' असा. आपल्याकडे सीईटी नाहीतर जेईई, मग कॅप राउंड. प्रवेशासाठी कोणी 'तू कोण आहेस' असं विचारत नाही. त्यामुळे हा प्रश्न समोर आला की घरंच्या घरं गांगरतात आणि असल्या फॉरवर्डचं फावतं.

पहिलं गुपित जसंच्या तसं देते: 'निबंधात दुःखद प्रसंग हवाच. घरातील निधन, गरिबी, आजारपण. तसे काही नसल्यास थोडे रंगवावे. आजी-आजोबांचे निधन सर्वात सुरक्षित. तिकडे बसून कोण तपासणार?'

सर्वात सुरक्षित! विम्याची पॉलिसी असल्यासारखं.

अण्णांना ऐकू कमी येतं, पण डोळे शाबूत आहेत. आमची कुजबुज बघून त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. अण्णा पोस्टमास्तर होते. तारा घेण्यात आणि देण्यात त्यांची हयात गेली. वाचून झाल्यावर म्हणाले, "'फादर एक्स्पायर्ड, स्टार्ट इमिजिएटली' अशा तारा लोकांच्या हातात देऊन देऊन म्हातारा झालो. माझी स्वतःची वाचायची राहिली होती, ती आज वाचली." भाचीला रडू फुटलं. मग तेच तिला समजवायला लागले की सुट्टी मिळवायला लोक 'मदर सीरियस'च्या खोट्या तारा मागवून घ्यायचे, त्यात नवीन काही नाही. "पण साहेब लोकांना कळायचं गं. एकेकाचा बाप दोनदोनदा वारायचा."

अण्णांना हे माहीत असायचं कारण नाही, पण परदेशातल्या साहेबांनाही ते कळतं आणि त्याची मोजदाद झालेली आहे. ब्रिटनमध्ये पदवीचे जवळजवळ सगळे अर्ज 'यूकास' या एका संस्थेमार्फत जातात. २००७ मध्ये त्यांनी सुमारे ५० हजार अर्जांमधली वैयक्तिक निवेदनं, म्हणजे तिकडचे निबंध, सॉफ्टवेअरने एकमेकांशी ताडून पाहिली. त्यांतल्या २३४ मुलांनी लिहिलं होतं की आठव्या वाढदिवसाला रसायनांच्या खेळण्याशी प्रयोग करताना आपल्या पायजम्याला भोकं पडली आणि तेव्हापासून विज्ञानाचं वेड लागलं. दोनशे चौतीस पायजमे! आणि १७५ जणांच्या निवेदनात एक म्हातारे किंवा विकलांग आजोबा होते. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, इंटरनेटवरचे नमुने उतरवून एवढं झालं. आता 'आजोबांचं निधन सर्वात सुरक्षित' हे हजारो मोबाईलवर फिरतंय. म्हणजे यंदा निबंधांमध्ये किती आजोबांची विकेट पडणार याचा अंदाज तुम्हीच करा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटतं की वाचणाऱ्याचे डोळे पाणावतील. वाचणारा दिवसाला ढीगभर निबंध वाचतो. त्याच्यासाठी तो सकाळपासूनचा अकरावा आजोबा असतो.

'कोण तपासणार?' याचंही उत्तर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ दर वर्षी काही अर्ज सोडतीने काढतं आणि लिहिलेल्या गोष्टींचे पुरावे मागतं. मुदतीत दिले नाहीत तर अर्ज बाद. बाकीच्या ठिकाणीही तुमच्या निबंधासोबत शाळेच्या समुपदेशकाचं आणि शिक्षकांचं पत्र जातं. निबंधात आजोबा गेलेले, आणि बाईंच्या पत्रात 'स्नेहसंमेलनाला आजोबांना हाताला धरून घेऊन आली'. मग काय कराल?

आणि हे फक्त आजोबांवर थांबत नाही. २०२४ साली पेन्सिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात एका भारतीय विद्यार्थ्याला अटक झाली. बनावट मार्कशीट देऊन आणि वडील वारल्याचं खोटं दाखवून त्याने प्रवेश आणि आर्थिक मदत मिळवली होती. वडील इकडे भारतात धडधाकट. सापडला कसा, तर स्वतःच रेडिट या चर्चांच्या वेबसाईटवर निनावी फुशारकी मारली आणि तिथे देखरेख करणाऱ्या एका मॉडरेटरने विद्यापीठाला कळवलं. गुन्हा कबूल, कॉलेजातून हकालपट्टी, भारतात परत. त्याचा मामला कागदपत्रांचा होता, नुसत्या निबंधाचा नव्हता, हे मान्य. पण 'थोडे रंगवावे' ही त्याच जिन्याची पहिली पायरी आहे.

मला राग पकडलं जाण्याच्या भीतीचा नाही, दुसऱ्याच गोष्टीचा येतो. भाचीला विचारलं की असं का लिहिलंस, तर म्हणाली, "मावशी, माझ्याकडे स्टोरीच नाहीये गं. आईबाबा ठीक आहेत, घर ठीक आहे, मला काही झालंच नाही." सतरा वर्षांच्या मुलीला आपलं घर सुखरूप असल्याची लाज वाटावी! त्या फॉरवर्डने हे केलं. आणि उलट बाजूही मी पाहिली आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील कोविडमध्ये खरंच गेले. त्याला त्यावर लिहायचं नव्हतं. घरचे नातेवाईक मागे लागले, "अरे, हाच तर तुझा हुकमाचा एक्का आहे." तो माझ्याकडे येऊन नुसता बसून राहिला. शेवटी त्याने निबंध लिहिला आईच्या झेरॉक्सच्या दुकानावर, एका जुन्या मशीनमध्ये कागद कुठे कुठे अडकतो आणि तो न फाडता कसा काढायचा यावर. वडिलांचं जाणं दोन ओळींत वेगळ्या रकान्यात सांगितलं. अर्जात अडचणी आणि परिस्थिती सांगायला स्वतंत्र जागा असते, २५० शब्दांची, हवी तरच भरायची. फॉरवर्डवाल्याला तिचा पत्ताच नाही.

एवढं मात्र कबूल करायला हवं की सातातला एक विषय अडथळा किंवा अपयश यावरच आहे, आणि खरं दुःख खरेपणाने लिहिलं तर ते वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतं. पण एक विषय कृतज्ञतेवर आहे, एक आपण एखादी कल्पना किंवा समजूत तपासून पाहिली त्यावर आहे, आणि एक तर 'कशात गुंतलात की वेळेचं भान राहत नाही' असा आहे. त्यांत कुठे कोणी मरावं लागतं?

दुसरं गुपित, 'सुरुवात थोर व्यक्तीच्या वचनाने करावी' आणि तिसरं, 'उच्च दर्जाचे इंग्रजी शब्द वापरावेत'. हे दोन्ही मी एकत्रच घेते, कारण दोन्ही आपल्या शाळेतल्या निबंधाचे अवशेष आहेत. पूर्वेला तांबडं फुटलं, पक्ष्यांचा किलबिलाट सुरू झाला, वर एक सुविचार, की वीसपैकी सतरा. त्या सतराची सवय जात नाही. पण इथे मोजके ६५० शब्द मिळतात. त्यातले तीस तुम्ही कलामांना किंवा मंडेलांना देऊन टाकता. त्यांचा प्रवेश कधीच झालाय हो! आणि 'प्लेथोरा', 'मिरियड' असले शब्द घरात कोणी बोलतं का? भाचीच्या मसुद्यात अण्णा साधे वारले नव्हते, 'सकम' झाले होते. तिला म्हटलं, हे वाक्य मला मराठीत सांग. मराठीत सांगता येईना, कारण त्याला अर्थच नव्हता.

चौथं, 'सर्व बक्षिसे, प्रमाणपत्रे, पदे निबंधात यावीत'. त्याच अर्जात उपक्रमांसाठी दहा आणि सन्मानांसाठी पाच रकाने वेगळे आहेत. तिथे लिहा. निबंधात पुन्हा लिहिणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत बायोडेटा छापणं.

पाचवं, 'एकच उत्तम निबंध तयार करून सर्वत्र वापरावा'. निम्मं खरं, कॉमन अ‍ॅपच्या कॉलेजांना मुख्य निबंध एकच जातो. पण बरीच कॉलेजं वर स्वतःचे छोटे प्रश्न विचारतात, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ व अमेरिकेतली एमआयटी कॉमन अ‍ॅपमध्ये नाहीतच. कॅलिफोर्नियाला आठातले चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्द. ब्रिटनचं तर गणितच वेगळं. तिथे २०२६ च्या प्रवेशांपासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत: हा विषय का, अभ्यासातून त्याची तयारी कशी झाली आणि अभ्यासाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. तिथे झेरॉक्स मशीनची गोष्ट कोणी ऐकून घेणार नाही, विषयाचं बोला म्हणतील. माझा दाट संशय असा की हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कधीतरी एम.एस.साठी एसओपी लिहिला असणार आणि तोच सगळ्यांना शिवून दिलाय. एसओपी म्हणजे पुढे काय शिकायचंय आणि का, याचा हिशेब. बारावीच्या मुलांचा हा निबंध तो नव्हे. भाचीच्या चौथ्या परिच्छेदात कॉम्प्युटर सायन्स कुठून उगवलं ते मला तेव्हा कळलं.

सहावं, 'मार्कांना तिकडे कोणी विचारत नाही, सर्व काही निबंधावर'. हे वाचून मुलं चाचणी परीक्षा बुडवून निबंध घोटत बसतात. नॅकॅक ही तिथल्या प्रवेश समुपदेशकांची संघटना कॉलेजांना विचारून पाहत असते की निवडीत कशाला किती महत्त्व देता. वरच्या जागा शाळेतल्या मार्कांना आणि किती कठीण विषय घेतले त्याला असतात, निबंध त्यांच्या खाली. जिथे सगळ्यांचेच मार्क भरभरून असतात त्या नामवंत कॉलेजांत निबंधाने पारडं झुकू शकतं. तेवढंच.

सातवं, 'वेळ नसल्यास जाणकाराकडून किंवा एआयकडून लिहून घ्यावा, सर्वच घेतात'. सगळे घेत नाहीत. अर्ज पाठवताना हे लिखाण माझं स्वतःचं आणि खरं आहे अशी सही तुमच्या मुलाला करावी लागते. २०२३ पासून कॉमन अ‍ॅपच्या फसवणुकीच्या नियमांत एआयने लिहिलेला मजकूर आपला म्हणून देणंही धरलंय. कोणाला वाचायला देणं, चुका काढून घेणं वेगळं. तेवढं मीही करते, फुकट. पण लिहून दिलेला निबंध ओळखू येतो. त्यातली सतरा वर्षांची मुलगी पंचेचाळिशीच्या एच.आर. मॅनेजरसारखी बोलते.

तर भाचीची ती फाईल आम्ही पुसली. मी विचारलं, "संध्याकाळी तू अण्णांबरोबर काय करतेस?" म्हणाली, "काही नाही, मॅच बघतो." मग हळूहळू निघालं. अण्णांना चित्र दिसतं, स्कोअर दिसतो, पण कॉमेंट्री ऐकू येत नाही. ते सारखे विचारायचे, "काय म्हणतोय तो?" ओरडून सांगून घसा बसायचा, म्हणून सातवीत असल्यापासून ती वहीत लिहून दाखवते. पुढचा चेंडू पडायच्या आत, एका ओळीत. काय घ्यायचं, काय सोडायचं, गावस्करचा विनोद लिहायचा की फील्डिंग बदलली ते लिहायचं. अण्णा जास्त लांबलं की शब्द मोजून तारेचा दर लावायचे. अशा शंभरपानी अकरा वह्या कपाटात आहेत आणि ही म्हणते माझ्याकडे स्टोरी नाही!

नवा मसुदा काल आला, ५४० शब्द. अण्णांनी प्रिंट मागवली, पेन्सिल घेतली आणि ओळीओळीवर टिंबं देत मोजलं. म्हणाले, "अजून चौदा शब्द कमी होतील." मग दुसऱ्या परिच्छेदावर थांबले. "आणि हा वाइड नव्हता, नो-बॉल होता."

"वाइडच होता, अण्णा."

"वही काढ."

ती कपाटाकडे गेली.