सरोवर वाढलं म्हणजे पाण्याचा साठा वाढला?

"हिमालयातली सरोवरं वाढताहेत ही अफवा" असा एक मेसेज सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. डिचोलीच्या आमच्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "निर्धास्त जा." त्यांचा मुलगा मित्रांबरोबर हिमाचलातल्या लाहौलला निघालाय, सिस्सूला तंबूत राहणार आहे.

मेसेज म्हणतो: वेगवेगळ्या मोसमातले फोटो शेजारी ठेवून घाबरवतात, ढगांतून उपग्रहाला काही दिसत नाही, वर प्रत्यक्ष कुणी जात नाही, आणि सरोवर वाढलं तर उत्तमच, साठा वाढला.

हा शेवटचा मुद्दा वाचून डोकंच फिरलं. ही सरोवरं हिमनदीने मागे टाकलेल्या दगडमातीच्या ढिगामागे अडलेली असतात. साळावली धरणाला जादा पाणी सोडायला पक्का सांडवा आहे. या ढिगाला काय आहे? सिक्कीमचं साऊथ ल्होनाक सुमारे 5,200 मीटर उंचीवर. 3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री बाजूचा गोठलेला उतार त्यात कोसळला, लाट उसळली, ढीग कापला गेला. खाली चुंगथांगचं धरण वाहून गेलं, कितीतरी माणसं गेली. इस्रोचं मोजमाप बघा: 28 सप्टेंबरला 167.4 हेक्टर, 4 ऑक्टोबरला 60.3. याला साठा म्हणायचं?

मोसमाचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. हिवाळ्यात सरोवर गोठतं, डोंगराची सावलीही पाण्यासारखी काळी दिसते. म्हणूनच तर अभ्यासक वर्षं वेगळी घेतात, पण मोसम एकच ठेवतात. अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारे किरण पाण्यात शोषले जातात, त्यामुळे त्या किरणांत टिपलेल्या प्रतिमेत पाणी काळं आणि खडक उजळ दिसतो. सिस्सूच्या वरचंच घेपांग घाट सरोवर घ्या. इस्रोच्या आकड्यांप्रमाणे 1989 मध्ये 36.49 हेक्टर, 2022 मध्ये 101.30. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची 30 मीटर बाय 30 मीटरची चौकट. त्या हिशेबाने 405 ठिपक्यांचे जवळपास 1,125 झाले. काठावरचे पन्नास-शंभर चुकले असं धरा, तरी सातशेचा फरक कुठून आला?

ढगांचं म्हणाल तर उपग्रहावरचं रडार ढगांच्या आरपार बघतं. आणि वर कुणी जात नाही? आपल्या वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने 2016 मध्ये स्पितीत 'हिमांश' हे संशोधन केंद्र उभारलंय, चार हजार मीटरवर. गोव्यात बसून हे तरी माहीत हवं.

उपग्रहाची खरी मर्यादा मेसेजात आलेलीच नाही. त्याला पाण्याचा विस्तार दिसतो. तळ किती खोल आहे ते होडी घालूनच मोजावं लागतं, आणि बांध कोणत्या रात्री फुटेल हे प्रतिमा सांगत नाही. त्यासाठी सरोवरापाशी पातळी मोजणारी यंत्रं आणि खालच्या गावांत भोंगे लागतात. ते बसवा अशी मागणी त्या मेसेजात असती, तर मीही तो पुढे पाठवला असता.