लिव्हर बांधणाऱ्यांना एक प्रश्न
मोअरचे (गवत कापायच्या मशीनचे) सेफ्टी स्विच निकामी करावेत की नाही, यावरच्या लेखात दोन्ही बाजू दिल्यात ते ठीक, पण हँडलचा, धरून ठेवला तरच पातं फिरू देणारा लिव्हर झिप टायने (प्लास्टिकच्या पट्टीने) बांधणं आणि मागे जाताना पातं थांबवणारा रिव्हर्सचा स्विच बायपास करणं एकाच मापाने कसं मोजता राव? लिव्हर सोडला की पातं ३ सेकंदात थांबायला हवं हा अमेरिकेत १९८२ पासूनचा नियम, उगाच नाही केलेला, गवत अडकलं की हात आपसूक खाली जातो आणि टाय बांधलेला असेल तर पातं तेव्हा फिरतच असतं. बसून चालवायच्या (राइडिंग) मोअरवर चालवणारा उठला की इंजिन बंद करणारा सीटखालचा स्विच खड्ड्यातही इंजिन बंद पाडतो, वैताग येतो मान्य, मग खराब झाला असेल तर बदला ना, वायर जोडून कायमचा चालू कशाला? रिव्हर्सला तर बऱ्याच राइडिंग मोअरवर कंपनीच ओव्हरराइडची, म्हणजे तो स्विच तेवढ्यापुरता बाजूला ठेवायची सोय देते. आणि मशीन विकताना तो टाय तेवढा कापा, घेणाऱ्याला काय माहीत!